पाचवे शील आणि मेंदूची बक्षीस-यंत्रणा : गांजा माणसाचे काय नेतो?



धम्मदीक्षा घेतलेल्या घरात जे बदल प्रथम दिसतात, त्यांत दारू बंद होणे हा एक बदल असतो. देव्हारा उतरतो, अंगारे-धुपारे थांबतात, तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लागते. आणि घरातील कर्ता माणूस सांगतो की, आजपासून या घरात दारू येणार नाही. हा बदल लहान नव्हे. आपल्या भंडारा जिल्ह्यात मोहफुलांची दारू पिढ्यान्‌पिढ्या गळत आली. लग्न असो, तेरवी असो, पोळा असो की होळी, ती सगळीकडे चालत आली. ती बंद करणारे घर शेजाऱ्यांची थट्टा आणि पाहुण्यांचा रुसवा सोसून बंद करते.

परंतु पंचशीलाच्या अभ्यासवर्गात आता एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. तो बहुधा आयाच विचारतात. "पोरगा दारूले शिवत नाही. पण पोरांसंगं तलावाच्या पाळीवर बसते आन्‌ सिगारेटीत काहीतरी भरून ओढते. बोललं तं म्हणते, दारू तं सोडली ना? हा तं झाडपाला होय. शीलात गांज्याचं नाव कुठं आहे?"

मुलाचा प्रश्न उद्धट वाटला तरी तो प्रश्न आहे, आणि धम्मात प्रश्नाला मनाई नाही. "शीलात आहे म्हणून सोड" असे म्हणून त्याला गप्प करता येईल, पण पटवता येणार नाही. म्हणून या पाठात आपण दोन गोष्टी क्रमाने पाहू. पाचव्या शीलाचा हेतू काय, आणि गांजा मेंदूत शिरून नेमके काय करतो. दोन्ही समजल्या की उत्तर आपोआप मिळेल.

१. शीलाचा शब्द आणि शीलाचा हेतू

पाचव्या शीलात सुरा, मेरय आणि मज्ज असे तीन शब्द येतात. धान्याच्या पिठापासून केलेली ती सुरा. फुले, फळे, मध, गूळ यांपासून केलेले ते मेरय. म्हणजे आपली मोहाची दारू मेरयाच्या जातीत बसते. आणि मज्ज म्हणजे मद आणणारे. या तीन शब्दांच्या पाठोपाठ येणारा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच आपण घाईने म्हणून मोकळे होतो. तो शब्द म्हणजे 'पमादट्ठान', प्रमादाचे स्थान. प्रमाद म्हणजे गाफीलपणा, सावधपणा सुटणे, करायचे ते न करणे.

पहिल्या चार शीलांत हिंसा, चोरी, कामातील मिथ्याचार आणि असत्य ही कृत्ये सांगितली आहेत. पाचव्या शीलात कृत्याबरोबर कारणही सांगितले आहे. मादक पदार्थ विटाळाचा आहे म्हणून तो सोडा, असे तथागत म्हणत नाहीत. विटाळ ही कल्पनाच आपण दीक्षेच्या दिवशी मागे टाकली. तो प्रमादाला जागा करून देतो म्हणून सोडा, असे ते म्हणतात. धम्मपदाचा दुसरा वर्ग संपूर्णपणे अप्रमादावर आहे, आणि महापरिनिर्वाणाच्या वेळी तथागतांनी भिक्खूंना जो शेवटचा उपदेश केला तोही अप्रमादाचाच होता.

विनयपिटकात सागत नावाच्या भिक्खूची कथा आहे. त्याने एका भयंकर नागाला नमविले अशी त्याची कीर्ती झाली. पुढे कोसंबीच्या लोकांनी घरोघरी त्याला मद्य पाजले आणि तो नगराच्या वेशीतच कोसळला. तथागतांनी भिक्खूंना विचारले की, आता हा सागत साध्या पाणसापाला तरी नमवू शकेल काय? कथेतील नाग बाजूला ठेवा. तिचा अर्थ सरळ आहे. नशा आधी माणसाचे सामर्थ्य नेते, अब्रू त्यानंतर जाते. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला नशेचे सहा तोटे सांगितले आहेत : धनहानी, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि प्रज्ञेचा दुबळेपणा. शेवटचा तोटा लक्षात ठेवा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे, ती याच परंपरेतून आली.

तात्पर्य, एखाद्या पदार्थाचे नाव शीलात आहे की नाही ही कसोटीच नव्हे. तो पदार्थ प्रमादाला जागा करून देतो काय, ही कसोटी आहे. ती आता गांजाला लावू.

२. गांजाची ओळख

गांजा, भांग आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे. मादी झाडाचा चिकट फुलोरा म्हणजे गांजा, पाने वाटून केलेली ती भांग, आणि झाडाची राळ म्हणजे चरस. नशा आणणारे द्रव्य तिन्हींत एकच, कमी-अधिक प्रमाणात असते.

आपला जिल्हा पूर्वी मध्य प्रांतात होता. त्या काळी निमाडात, खंडव्याच्या परिसरात, सरकारी देखरेखीखाली गांजा पिकविला जाई, परवान्याच्या दुकानांतून विकला जाई आणि सरकार त्यावर कर घेई. १८९३-९४ साली ब्रिटिश सरकारने या पदार्थांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. मध्य प्रांत त्याच्या चौकशीत होता. मजूर थकवा घालविण्यासाठी आणि बैरागी ध्यानासाठी गांजा ओढतात, अशा साक्षी त्यापुढे झाल्या. बेताच्या सेवनाने विशेष अपाय होत नाही, अतिसेवन मात्र घातक आहे, असा निष्कर्ष काढून आयोगाने बंदीऐवजी नियंत्रण आणि कर सुचविला. हे सांगण्याचे कारण असे की, गांजाच्या बाजूने बोलणारे आजही या अहवालाचा दाखला देतात. पण त्या वेळी मेंदूच्या आत डोकावण्याचे कोणतेच साधन नव्हते. गांजातील द्रव्य कोणते, ते मेंदूत कुठे बसते, हे कळायला पुढे सत्तर ते शंभर वर्षे लागली.

आजचा कायदा १९८५ चा आहे. अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीच्या या कायद्याने गांजा आणि चरस बाळगणे, विकणे व सेवन करणे हा गुन्हा ठरविला. नुसती पाने मात्र त्या व्याख्येतून वगळली, म्हणून भांगेचे नियंत्रण राज्यांच्या कायद्यांकडे राहिले. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार १० ते ७५ वयाच्या सुमारे ३ कोटी १० लाख भारतीयांनी वर्षभरात या झाडाचे कोणते ना कोणते रूप घेतले होते, आणि सुमारे ७२ लाखांना त्यापायी मदतीची गरज होती. म्हणजे ही गोष्ट दोन-चार वाया गेलेल्या पोरांची नाही.

३. मेंदूची बक्षीस-यंत्रणा

आता मेंदूकडे वळू. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्या एकमेकींशी रासायनिक द्रव्यांच्या मार्फत बोलतात. त्यांपैकी एका द्रव्याचे नाव डोपामाइन. मेंदूच्या खोल भागात डोपामाइन तयार करणाऱ्या पेशींचा एक लहान पुंजका आहे. तेथून निघालेले धागे पुढच्या बाजूच्या एका केंद्रात जातात. या सर्व जोडणीला बक्षीस-यंत्रणा म्हणू.

१९५४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्‌स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसविली. उंदराने कळ दाबली की त्या जागी किंचित वीज पोचे. तार ठराविक जागी बसली की उंदीर ती कळ तासाला शेकडो वेळा दाबू लागले. पुढच्या प्रयोगांत तर भुकेले उंदीरही अन्न सोडून कळ दाबत राहिले. मेंदूत 'हे पुन्हा कर' असे सांगणारी जागा आहे, हे तेव्हा कळले.

ही यंत्रणा निसर्गाने आपल्याला नाश करण्यासाठी दिलेली नाही. तहानेल्याला पाणी, भुकेल्याला भाकर, आईला लेकराचे हसू, विद्यार्थ्याला सुटलेले गणित, या प्रत्येक वेळी ती जागी होते आणि 'हे लक्षात ठेव, पुन्हा कर' असे सांगते. वोल्फ्राम शुल्ट्‌झ या शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग करून आणखी एक गोष्ट दाखविली. दिवा लागल्यावर फळाचा रस मिळतो हे माकडाला कळले की, डोपामाइनच्या पेशी रसाऐवजी दिव्यालाच उसळू लागतात. दिवा लागूनही रस मिळाला नाही तर त्या मंदावतात. म्हणजे डोपामाइन आशेचा आणि शिकण्याचा हिशेब ठेवते. कशासाठी झटावे, हे मेंदू त्यावरून ठरवितो.

या यंत्रणेचा एक विशेष असा की, तिला शिकविले तर ती दूरच्या बक्षिसासाठीही माणसाला झटायला लावते. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. मध्ये सोळा वर्षे गेली. कष्ट आज आणि फळ पुष्कळ वर्षांनी, असा हा व्यवहार आहे. धान पेरणाऱ्याचा व्यवहारही असाच असतो. ज्या घरात आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही, त्या घराची सारी पुंजी दूरच्या फळासाठी आज कष्ट करण्याची ही ताकदच असते. जमीन नाही, ओळख नाही, वडिलोपार्जित धंदा नाही. आहे ती एवढीच.

४. 'आनंद' नावाचे द्रव्य

गांजातील नशा आणणारे मुख्य द्रव्य म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल. त्याला थोडक्यात टीएचसी म्हणतात. १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेकोलम आणि येहिएल गाओनी यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १९८८ साली अमेरिकेत अ‍ॅलिन हाउलेट आणि विल्यम डेव्हेन यांनी मेंदूतील पेशींवर या द्रव्याचे कुलूप शोधले. चावी बसावी तसे टीएचसी त्या कुलपात बसते. मग प्रश्न उभा राहिला : माणसाच्या मेंदूत झाडाच्या द्रव्याचे कुलूप कशाला? त्याची खरी चावी मेंदूतच असली पाहिजे. ती १९९२ साली सापडली. मेंदू स्वतःच तयार करतो अशा त्या द्रव्याला शोधकांनी आपल्या भाषांतला शब्द घेऊन नाव दिले : आनंदामाइड. 'आनंद'वरून आनंदामाइड.

तथागतांची सेवा करणाऱ्या भिक्खूचे नावही आनंद होते, हे सांगितले की वर्गातील मुले हसतात आणि नाव त्यांच्या लक्षात राहते. पण खरी शिकवण पुढे आहे. आनंदाची सोय प्रत्येकाच्या मेंदूत आधीच आहे. तो पुडीत विकत घ्यावा लागत नाही. मेंदू आनंदामाइड गरजेपुरते, हव्या त्या जागी तयार करतो आणि काम झाले की लगेच मोडून टाकतो. दुःख, भीती, भूक, स्मरण, झोप यांचा तोल राखण्याच्या कामी ते येते.

टीएचसी मात्र बाहेरून येते, सगळीकडची कुलपे एकदम उघडते आणि लवकर मोडत नाही. आपल्याकडील मालगुजारी तलावाचे उदाहरण घ्या. तलावाला पाळ असते, पाणी सोडायला दार असते आणि त्या दारावर राखणदार असतो. कोणत्या शेताला केव्हा व किती पाणी द्यायचे, हे तो पाहतो. डोपामाइनच्या पेशींवरही असे राखणदार असतात. त्यांना आवरून धरणाऱ्या दुसऱ्या चेतापेशी असतात. टीएचसीची कुलपे त्या राखणदार पेशींवर आहेत. टीएचसी आले की राखणदार डुलकी घेतो, दार उघडे राहते आणि डोपामाइन गरज नसताना वाहू लागते. काही न करता मेंदूला निरोप जातो की, 'मोठे काम झाले, हे पुन्हा कर.' गणित सुटलेले नसते, रोवणी झालेली नसते, घरात दाणा आलेला नसतो. पण मेंदूच्या वहीत बक्षीस जमा झालेले असते.

गांजा माणसाची पहिली चोरी करतो ती ही. कष्टाचे श्रेय तो कष्ट न करता वाटून टाकतो.

५. रोज ओढण्याने काय बिघडते

एकदा दार उघडे राहिले तर शेत वाहून जात नाही. रोज राहिले तर धान निसवायच्या वेळी तलाव कोरडा असतो. मेंदूतही असेच काही होते.

रोज टीएचसी येत राहिले की मेंदू आपली कुलपे कमी करतो. रोज गांजा ओढणाऱ्या माणसांच्या मेंदूची छायाचित्रे अमेरिकेत घेण्यात आली. मेंदूच्या वरच्या थरातील भागांत ही कुलपे सुमारे पाचव्या हिश्शाने घटलेली दिसली. हे संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले. कुलपे घटली की तेवढ्याच गांजाने तेवढी नशा येत नाही. मात्रा वाढवावी लागते. आणि मेंदूचे स्वतःचे आनंदामाइडही अपुरे पडू लागते. २०१४ साली लंडनमधील संशोधकांनी नियमित ओढणाऱ्यांत डोपामाइन तयार होण्याची क्षमता कमी असल्याचे दाखविले. ज्यांची सवय अधिक घट्ट, त्यांच्यात ती अधिक कमी होती. मिशिगन येथे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तरुणांचा चार वर्षे मागोवा घेतला. गांजा वाढत गेला तसा, पैसे मिळण्याच्या आशेने होणारा मेंदूचा प्रतिसाद मंद होत गेला.

सर्वच प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. आठवड्यातून तीन-चार दिवस ओढणाऱ्या मुलांत उत्साह कमी झालेला दिसला नाही, असे २०२२ सालच्या एका ब्रिटिश अभ्यासात आढळले. म्हणून गांजा ओढणारा प्रत्येक जण आळशी होतोच, असे म्हणू नये. अतिशयोक्ती केली की मुले आपले खरेही ऐकत नाहीत. पण काही गोष्टींवर मोठे एकमत आहे. नशेत असताना नवे शिकणे आणि ध्यानात ठेवणे मंदावते. अमेरिकेतील मोठ्या पाहणीनुसार गांजा कधी ना कधी घेतलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के लोक त्याच्या अधीन होतात. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सहापैकी एक इतके सांगितले जाते. माणसाचा मेंदू पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो, आणि विचारपूर्वक स्वतःला आवरणारा भाग सर्वांत शेवटी घडतो. ज्या वयात लगाम तयार व्हायचा, त्याच वयात लगाम सैल करणारे द्रव्य आत जाते.

मनोविकाराचा धोका वेगळा आहे. स्वीडनमध्ये सैन्यभरतीस आलेल्या ४५,५७० तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला गेला. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट होते. इतर कारणांचा हिशेब धरल्यावर हा आकडा कमी झाला, पण धोका उरलाच. म्हणून मुलाला कानात आवाज ऐकू येऊ लागले, सगळे आपल्याविरुद्ध आहेत असे तो म्हणू लागला, तर करणी-भानामती म्हणून मांत्रिकाकडे धावू नका. तो आजार आहे, आणि त्याला डॉक्टर लागतो.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांनी आणखी एक भेद दाखविला आहे. एखादी गोष्ट 'हवी वाटणे' आणि ती 'गोड लागणे' हे मेंदूत दोन वेगळे व्यवहार आहेत, आणि डोपामाइनचा संबंध मुख्यतः पहिल्याशी आहे. व्यसनात हवेपण वाढत जाते आणि गोडी आटत जाते. जुना ओढणारा सांगतो की, आता पहिल्यासारखी मजा येत नाही. तरी संध्याकाळ झाली की त्याचे पाय तिकडेच वळतात. तथागतांनी ज्या तण्हेला दुःखाचे मूळ म्हटले, ती पाहायला दूर जावे लागत नाही. बुद्धाला विज्ञानाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. पण एकच गोष्ट दोन वाटांनी दिसली, तर ती अधिक स्पष्ट दिसते.

६. चार सबबी

पहिली सबब : "हा झाडपाला होय." धोत्राही झाडपालाच आहे आणि तंबाखूही. झाडाचे म्हणून निर्दोष, असा नियम निसर्गात नाही.

दुसरी सबब : "हा तर प्रसाद आहे." महाशिवरात्रीच्या यात्रेत चिलीम फिरते आणि होळीला भांग घोटली जाते. आपण शेजाऱ्यांच्या श्रद्धेची टवाळी करीत नाही. परंतु ज्याने देव-देवतांना न मानण्याची प्रतिज्ञा घेतली, त्याने त्याच देवाचा प्रसाद म्हणून चिलीम हातात घ्यावी, यात काही मेळ बसत नाही. देव सोडला आणि नशा ठेवली, तर काय सोडले?

तिसरी सबब : "दिवसभर राबतो, थकवा जातो." रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून, वीटभट्टीवर किंवा मँगनीजच्या खाणीत राबून कंबर मोडते, हे खरे. या सबबीला हसू नये. पण गांजाने थकवा जात नाही, तो जाणवण्याचे थांबते. आणि चिलमीत तंबाखूही असतो, तेव्हा दोन व्यसने एकदम लागतात. थकव्याचे खरे उत्तर विश्रांती, पुरेसे अन्न आणि वाजवी मजुरी हे आहे. ज्याला नशेने थकवा विसरायला लावला, तो मजुरी वाढवून मागायला उठत नाही.

चौथी सबब : "परदेशात हे औषध आहे, आणि दारूपेक्षा तर बरेच." या झाडातील काही द्रव्ये औषध म्हणून मान्य झाली आहेत, हे खरे. मुलांच्या काही दुर्मीळ अपस्मारांवर त्यातील एक द्रव्य अमेरिकेत २०१८ पासून दिले जाते. धम्माचा औषधाला विरोध नाही. वाताने आजारी असलेल्या पिलिंदवच्छ भिक्खूसाठी औषधी तेलात मद्य मिसळण्याची मुभा विनयपिटकात आहे. मात्र तेलात मद्याचा रंग, वास, चव लागता कामा नये अशी अट आहे. औषध डॉक्टर मोजून देतो. पाळीवरची पुडी कोणी मोजत नाही. राहिली दारूशी तुलना. दारूने जशी यकृते सडतात तशी गांजाने सडत नाहीत. पण दोन विहिरींपैकी कमी खोल कोणती हे शोधून तीत उडी घेणे, हा शहाणपणा नव्हे.

७. सुटका आहे

आता आशेची गोष्ट. २०१२ च्या ज्या संशोधनात मेंदूतील कुलपे घटलेली दिसली, त्याच संशोधनात त्या माणसांना सुमारे चार आठवडे गांजापासून दूर ठेवून पुन्हा पाहिले. बहुतेक भागांत कुलपे पूर्ववत झाली होती. मेंदू आपली दुरुस्ती करतो. त्याला वेळ द्यावा लागतो.

हा काळ सोपा नसतो. सोडल्यावर एक-दोन दिवसांत चिडचिड, बेचैनी, झोप न लागणे, विचित्र स्वप्ने, अन्नावरची वासना जाणे ही लक्षणे सुरू होतात. पहिल्या आठवड्यात ती तीव्र असतात आणि बहुतेक दोन आठवड्यांत ओसरतात. झोप बसायला जरा अधिक दिवस लागतात. हे घरच्यांनी आधीच जाणून घ्यावे. चौथ्या दिवशी मुलगा ताटावरून उठून गेला, तर 'हा सुधारायचा नाही' असे म्हणू नये. त्याचा मेंदू दुरुस्त होत असल्याची ती खूण असते.

गांजा सोडविणारी खास गोळी अजून निघालेली नाही. समुपदेशन, सवयीच्या जागा आणि संगत बदलणे, व लहान लहान यशांना दाद देणे हेच उपाय कामी येतात. जिल्हा सामान्य रुग्णालयात चौकशी करावी. सरकारची व्यसनमुक्तीची मोफत मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावेत. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्राने व्यसनी माणूस हा रुग्ण आहे, ही दृष्टी महाराष्ट्रात रुजविली. १९८५ च्या कायद्यातही, स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे. म्हणून पोलिसांच्या भीतीने आजार लपवू नका.

८. घराने काय करावे

नव्या दीक्षित घरात एक धोका असतो. शील मोडले म्हणून मुलाला सर्वांसमोर उभे करायचे, "समाजाचे नाव घालविले" म्हणायचे, त्याच्याशी बोलणे टाकायचे. बंधूंनो, वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? जे हत्यार पिढ्यान्‌पिढ्या आपल्यावर चालले, ते आपल्याच लेकरावर चालवू नका. शील ही शिक्षा नव्हे. ते शिक्खापद आहे, म्हणजे शिकण्याचे पाऊल. चुकलेला विद्यार्थी ते पाऊल पुन्हा टाकू शकतो.

त्याचबरोबर पांघरूणही घालू नका. पैसे कुठे जातात ते विचारा. शांतपणे, एकट्याला घेऊन विचारा. या पाठात वाचले ते त्याला वाचायला द्या. आणि त्याच्या मेंदूला खरे बक्षीस मिळेल असे काही हातात द्या : विहारातील लहान मुलांचा अभ्यास घेणे, वाचनालय सांभाळणे, कबड्डीचा संघ, पवनीच्या प्राचीन स्तूपस्थळाची सहल. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली झालेल्या उत्खननाने आपल्या वैनगंगेच्या काठी दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध धम्म नांदत होता, हे सिद्ध केले. ते स्तूप एकेक वीट रचून उभे राहिले. उभारणाऱ्यांपैकी कित्येकांनी ते पुरे झालेले पाहिलेही नसतील.

आईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. शीलात गांजाचे नाव नाही. त्याचे काम मात्र शीलात नोंदलेले आहे. तो झटण्याची इच्छाच आतून पोखरतो, आणि आपल्या घरांजवळ झटण्याखेरीज दुसरी इस्टेट नाही. म्हणून पाचवे शील हे आपल्या इस्टेटीचे राखणदार आहे.

विहारात चर्चेसाठी प्रश्न

१. पाचव्या शीलात 'पमादट्ठान' हा शब्द नसता, तर शीलाच्या अर्थात काय फरक पडला असता?
२. मेंदू स्वतः आनंदामाइड तयार करतो, तर बाहेरून टीएचसी घेतल्याने तोल का बिघडतो? तलावाच्या उदाहरणाने सांगा.
३. 'हवे वाटणे' आणि 'गोड लागणे' यांतील फरक खर्रा, चहा किंवा मोबाइल यांच्या आपल्या स्वतःच्या अनुभवावरून सांगा.
४. आपल्या गावात एखादा तरुण गांजा सोडू पाहत असेल, तर पहिल्या दोन आठवड्यांत विहाराने त्याच्यासाठी कोणती तीन कामे करावीत?

जय भीम! नमो बुद्धाय!